उष्णता, अम्लता आणि दुधातील एक एंझाइम

सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी बहुतेक सर्व एंझाइमे ही प्रथिने होत. प्रथिनाच्या रेणूची लांब साखळी विशिष्ट पद्धतीने दुमडलेली असते आणि त्यातून तयार झालेल्या एका लहानशा खोबणीत एंझाइमाचे सारे सामर्थ्य असते. ज्या पदार्थावर क्रिया व्हावयाची, तो या खोबणीत नेमका बसावा लागतो. खोबणीचा आकार बिघडला की एंझाइम निकामी झाले.

तापमान वाढले म्हणजे रेणूंची हालचाल वाढते व क्रियेला वेग येतो. १० अंश सेल्सियसच्या वाढीने हा वेग साधारणतः दुप्पट होतो. परंतु एका मर्यादेपलीकडे साखळीला दुमडून ठेवणारे दुर्बल बंधच तुटू लागतात. उकडलेल्या अंड्यातील पांढरा भाग थंड केल्यावर पुन्हा पातळ होत नाही; बहुतेक एंझाइमांचेही तसेच. थंडीने मात्र एंझाइम केवळ मंदावते.

अम्लतेचा परिणाम निराळ्या मार्गाने होतो. खोबणीतील अणुगटांवरील विद्युत् भार अम्लतेनुसार बदलतात. म्हणूनच जठरातील पेप्सीन पीएच २ च्या सुमारास, तर आतड्यातील ट्रिप्सीन पीएच ८ च्या सुमारास उत्तम काम करते. पीएच ही मोजपट्टीच मुळी सोरेन्सन यांनी १९०९ साली कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एंझाइमांचा अभ्यास करताना सुचविली.

या दोन्ही गुणधर्मांचा उपयोग दुग्धालयात रोज केला जातो. पाश्चरीकरणात दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवितात. क्षयासारख्या रोगांचे जंतू त्यामुळे मरतात. पण दूध खरोखरच पुरेसे तापले, हे ओळखावे कसे? क्षयाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावयाचे तर कित्येक आठवडे लागतात. तोवर दूध कोण ठेवील?

येथे अल्कलाइन फॉस्फेटेज हे एंझाइम साक्षीला येते. कच्च्या दुधात ते निसर्गतःच असते, आणि त्याचा नाश होण्यास या जंतूंच्या नाशापेक्षा किंचित अधिक उष्णता लागते. तेव्हा एंझाइम नष्ट झाले असेल, तर जंतूही उरलेले नाहीत असे मानता येते.

मात्र दुधाचा पीएच ६.७ च्या आसपास, आणि या एंझाइमाला हवा तो १० च्या जवळपास. म्हणून परीक्षक दुधाचा नमुना त्या पीएचच्या द्रावणात मिसळतो. द्रावणात पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट हा रंगहीन पदार्थ असतो. मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवतात. एंझाइम जिवंत असेल, तर ते या पदार्थाचे विघटन करते व पिवळा रंग येतो. तुलनेसाठी उकळलेल्या दुधाची नळी शेजारी ठेवलेली असते. पाश्चरीकृत दुधात मागाहून थोडेसे कच्चे दूध मिसळले, तरी ते या रंगाने उघडकीस येते.

साक्षीदाराच्या मर्यादाही आहेत. नंतर अस्वच्छ भांड्यातून शिरलेल्या जंतूंविषयी तो काहीच सांगत नाही. शिवाय फार उच्च तापमानाला अल्पकाळ तापविलेल्या सायीत हे एंझाइम साठवणीच्या काळात पुन्हा अंशतः क्रियाशील होऊ शकते. अशा सायीत पिवळा रंग दिसला, तर तापविण्यात कसूर झाली की एंझाइम पुन्हा जागे झाले, हे वेगळ्या चाचणीनेच ठरवावे लागते.