जुन्या मोटारसायकलींचा कस

जुन्या मोटारसायकली पूर्ववत करणाऱ्या छांदिष्टांच्या स्पर्धेत वेगाला गुण नसतात. गोठ्याच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षे धूळ खात पडलेले किंवा भंगाराच्या वजनावर विकले गेलेले एखादे यंत्र पूर्ण सुटे करायचे, त्याचे झिजलेले भाग दुरुस्त करायचे किंवा शोधून मिळवायचे आणि ते कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवशी जसे होते तसे पुन्हा उभे करायचे, या कामाला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. ते कोणी किती प्रामाणिकपणे केले, याचीच परीक्षा अशा मेळाव्यांत होते.

या छंदाला संघटित रूप आले ते मुख्यतः इंग्लंडात. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ साली, तेथे ‘व्हिंटेज मोटरसायकल क्लब’ स्थापन झाला. १९१५ पूर्वीच्या गाड्या ‘व्हेटरन’ आणि त्यानंतर १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या ‘व्हिंटेज’, अशी काटेकोर वर्गवारी तेथे रूढ झाली. १९४९ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅनबरी रन’ या मेळाव्यात गाड्या केवळ मांडून ठेवल्या जात नाहीत, तर त्या ठरावीक मार्गावर चालवल्या जातात आणि वाटेत सनरायझिंग नावाची एक अवघड चढणही येते. महाराष्ट्रात मुंबईच्या ‘विंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’च्या रॅलीत मोटारगाड्यांबरोबर मोटारसायकलीही उतरतात, तर जुलैच्या दुसऱ्या रविवारी साजरा होणारा ‘आंतरराष्ट्रीय जावा-येझदी दिन’ हा स्पर्धेपेक्षा स्नेहमेळावाच अधिक असतो.

परीक्षक पाहतात तरी काय, हा सामान्य प्रेक्षकाला पडणारा प्रश्न आहे, कारण त्याचे डोळे साहजिकच सर्वांत जास्त चकाकणाऱ्या गाडीवर खिळतात. खामगावच्या चांदीच्या बाजारात जशी चकाकीपेक्षा धातूची शुद्धता पाहिली जाते, तसेच येथेही घडते. आधी सांगाड्यावर, म्हणजे चेसीवर, आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवले जातात. मग नटबोल्टांकडे लक्ष जाते. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या बोल्टांचे आटे इंचाच्या मापात असल्याने तेथे मिलिमीटर मापाचा आधुनिक बोल्ट दिसला, तर परीक्षकाची पेन्सिल हलते. क्रोमचा मुलामाही अनेकदा घात करतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारसायकलींवर निकेलचाच मुलामा असे आणि त्याची झाक किंचित पिवळसर असते, त्यामुळे १९२४ च्या गाडीवरचे निळसर, आरशासारखे क्रोम कितीही सुंदर दिसले तरी ते चूकच ठरते.

बीएसए एम-२० ही पाचशे सीसीची गाडी याचे उत्तम उदाहरण आहे. युद्धात ब्रिटिश लष्कराने ती प्रचंड संख्येने वापरली आणि युद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या मालातून अशा गाड्या भारतीय नागरिकांच्या हाती आल्या. १९४२ मध्ये जपानने मलाया जिंकल्यावर दोस्त राष्ट्रांना रबराची चणचण भासू लागली आणि कारखान्यांनी हँडलच्या मुठींना रबराऐवजी कॅनव्हास लावले, तर पाय ठेवण्याचे पायदान नुसत्या लोखंडाचे केले. त्या काळातली एम-२० आज नव्याकोऱ्या रबरी मुठी आणि झळाळता काळा रंग लावून आणली, तर मालकाने खर्च केला खरा, पण गाडीच्या चरित्रातले सर्वांत बोलके पान फाडून टाकले, असेच म्हणावे लागेल.

बुलढाणा जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागाचा जिव्हाळा मात्र विलायती गाड्यांपेक्षा देशी बनावटीच्या गाड्यांशी अधिक आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून बनवलेली जावा आणि पुढे तिचेच नामांतर झालेली येझदी, मद्रासमध्ये १९५५ पासून तयार होऊ लागलेली बुलेट आणि एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली पावणेदोनशे सीसीची राजदूत, या त्या गाड्या होत. जावाची एक खुबी अशी की, तिची किक आणि गिअर यांना एकच दांडा असतो: तो आत दाबून वर फिरवला की किक होतो आणि गाडी सुरू झाल्यावर पूर्वस्थितीत आणला की गिअर होतो. झिजलेल्या यंत्रणेत हा दांडा मध्येच अडकतो, म्हणून जाणकार परीक्षक रंगाकडे पाहण्याआधी गाडी सुरू करायला सांगतो. एकाच सिलिंडरला जोडलेले दोन सायलेन्सर आणि टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा यांचा क्रम त्यानंतर येतो.

राजदूतच्या बाबतीत अधिक अवघड पेच आहे. दूधवाल्यांनी किटल्या अडकवण्यासाठी तिच्या मागच्या बाजूला वेल्ड करून घेतलेली लोखंडी चौकट कारखान्याची नव्हे, पण गाडीने आयुष्य काढले ते त्या चौकटीसह. मग ती ठेवावी की कापावी? १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फिव्हा’ या जागतिक संघटनेच्या वर्गवारीत, गाडीच्या वापराच्या काळातच केलेल्या बदलांना स्वतंत्र वर्ग आहे, आणि तोच न्याय येथे लावणे योग्य ठरेल.

भारतीय कायद्यानेही अस्सलपणाचीच बाजू घेतली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसी वा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकीच ‘विंटेज’ ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते, नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नाही. या हिशेबाने १९८५ मध्ये बाजारात आलेल्या यामाहा आरएक्स-१०० च्या चाहत्यांना अजून २०३५ ची वाट पाहावी लागणार आहे.

टेम्पोत घालून आणलेली आणि टेम्पोतूनच परत जाणारी गाडी या छंदातला सर्वांत मोठा ढोंगीपणा होय. बुलढाण्यात अशी स्पर्धा भरवली, तर त्यावर उपाय तेथल्या भूगोलातच तयार आहे, कारण मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूर घाट चढावा लागतो आणि खामगावकडून येताना बोथ्याचा. जावा, राजदूतसारख्या गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणासाठी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. सिलिंडर नव्याने बोर करताना पिस्टनभोवती पुरेशी फट राखली नसेल किंवा ऑइलचे प्रमाण चुकले असेल, तर पिस्टन तापून फुगतो आणि चढणीवर गाडी जाम होते, उलट ऑइल जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते. सपाट मैदानावर लपणारे हे दोष घाट काही मिनिटांत उघडे पाडतो.

अशा वेळी या छंदाचा मैत्रभावही दिसतो. सुटे भाग बनणे केव्हाच थांबले असल्याने एकाकडे डावे केसिंग, दुसऱ्याकडे उजवे, अशी स्थिती असते आणि प्रतिस्पर्ध्याला दुखावून कोणाचेच काम पुढे सरकत नाही. म्हणून घाटात बंद पडलेल्या गाडीला आपल्या खिशातला प्लग देण्यासाठी जो थांबेल, त्याला झालेल्या उशिराबद्दल त्याचे गुण कापू नयेत, एवढा एक नियम आयोजकांनी आधीच लिहून ठेवलेला बरा.