सशाचं पान कसं वाढावं?

बाजारातून येताना माझ्या पिशवीत गेली दोन वर्षं एक जुडी जास्तीची असते. कधी कोथिंबीर, कधी मेथी. भाजीवाल्या मावशी आता विचारतही नाहीत. ‘ही तुमच्या धाकट्या लेकीला ना?’ म्हणत जुडी पिशवीत टाकतात. ही लेक म्हणजे आमची काजळी. पांढरीशुभ्र, डोळ्यांभोवती काळी कडा, वजन दोन किलो. होय, ससा! पण तिचं कौतुक सांगण्याआधी मला कापशीबद्दल सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने, सईने, वाढदिवसाला ससा मागितला. एकटा कसा राहील म्हणून ह्यांनी दोन पिल्लं आणली, दोघी बहिणी. मागच्या पडवीत खुराडं केलं. आता सशाला काय घालायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. ससा म्हटलं की गाजर, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं! कार्टूनमधला बग्ज बनी १९४० पासून गाजर चावतोय. त्याची ही लकब १९३४ च्या एका हॉलिवूड सिनेमातल्या क्लार्क गेबल या नटावरून उचललेली, हे मला फार पुढे कळलं. म्हणजे सशाला गाजर घालायला आपण शिकलो ते एका नटाकडून!

तर मी गाजरं घालायला लागले. बाजार उठताना कोबीची वरची पानं फुकट मिळायची, ती पिशवी भरून आणायची. जोडीला भिजवलेले हरभरे, सकाळच्या पोळीचा तुकडा. सई चहाबरोबरचं बिस्किटही द्यायची. दोघी मिटक्या मारत खायच्या आणि मला कसं भरून पावल्यासारखं वाटायचं. आपल्या हातचं कुणी आवडीने खाल्लं की आपल्याला आणखी काय हवं असतं?

सासूबाई एकदा म्हणाल्या, ‘‘अगं, गाईला कुणी नुसता कोबी घालतं का? थोडं गवत टाक की.’’ मी हसून सोडून दिलं. घरात एवढं चांगलंचुंगलं असताना गवत कशाला?

एका रात्री कापशी कोपऱ्यात अंग चोरून बसली. पुढ्यातलं गाजर तिने हुंगलंसुद्धा नाही. खालच्या कागदावर लेंड्या नाहीत आणि दात खाल्ल्याचा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, पोट भरलं असेल, सकाळी बघू. सकाळी सई पडवीत गेली आणि तिथूनच ओरडली. कापशी गार पडली होती.

काजळीही मलूल दिसत होती. तिला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी पोट चाचपलं, कातडीखाली सलाईन दिलं, औषध दिलं. मग विचारलं, ‘‘वहिनी, खायला काय घालता?’’ मी अभिमानाने यादी सांगितली. ते शांतपणे म्हणाले, ‘‘आणि गवत?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं, ते मी आजवर कितीतरी जणींना सांगितलं आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात तर आठवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपास! ते झिजतात गवत चावून चावून. पोटाचंही तसंच. सशाचं आतडं सतत चालतं राहावं लागतं आणि त्याला ढकलतो तो गवतातला चोथा. गोड, पिठूळ खाणं जास्त झालं की आतले जंतू बिघडतात, गॅस धरतो, आतडं थंडावतं. त्यात सशाला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वरून बाहेर येत नाही. म्हणून अर्धा दिवस ससा खात नसेल, लेंड्या पडत नसतील तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. लगेच डॉक्टर गाठायचे. आणि घरातलं मुलांचं औषध मुळीच द्यायचं नाही. आपल्याला चालणारी काही अँटिबायोटिक्स तोंडावाटे दिली तर सशाचा जीव घेतात.

मग पान वाढायचं कसं? आधी गवत. वाळलेलं किंवा ताजं, सशाच्या अंगाएवढा ढीग रोज, आणि तो संपता कामा नये. हरळी उत्तम. पावसाळ्यात गवताला बुरशी लागते, तेवढं हुंगून बघायचं. गाईगुरांचा लसूणघास पिल्लांना चालतो, पण त्यात कॅल्शियम फार, म्हणून मोठ्या सशाला अधूनमधून थोडाच. शेजारी स्वच्छ पाणी.

त्यानंतर हिरवा पाला, वजनाच्या किलोमागे साधारण एक मोठी वाटी, दिवसातून दोनदा विभागून. कोथिंबीर, पुदिना, मेथी, मुळ्याचा आणि गाजराचा पाला आलटून पालटून. हो, गाजरापेक्षा त्याचा पालाच बरा! पालक कधीतरी, कोबी-फ्लॉवरचं एखादंच पान. पाला फवारणीचा असू शकतो, म्हणून स्वच्छ धुवायचा. पिवळा पडलेला, कुजकट वास येणारा असेल तर सरळ खताच्या खड्ड्यात. नवी भाजी एका वेळी एकच द्यायची, चिमूटभर, आणि दोन-तीन दिवस लेंड्यांवर लक्ष ठेवायचं. पातळ झालं की ती भाजी बंद. अगदी लहान पिल्लं तीन महिन्यांची होईपर्यंत पाल्याची घाई नको.

गाजराची चकती, सफरचंदाची फोड आठवड्यातून एकदा-दोनदा, आपण पेढा खातो तशी. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटोचा पाला, पोळी, भात, बिस्किट यांचं नाव नाही. कुंपणाची कण्हेर आणि घाणेरी तर विषारीच.

काजळी तिसऱ्या दिवशी उठून बसली. त्या संध्याकाळी सईने मला विचारलं, ‘‘आई, कापशी उपाशी होती का गं?’’ नाही म्हणताना माझा गळा दाटून आला. उपाशी नव्हती. मी तिला भरपूर घातलं होतं. फक्त ते तिचं जेवण नव्हतं, माझं प्रेम होतं. ताटात वाढण्याआधी ते कुणाचं ताट आहे हे विचारायचं असतं, एवढं मला कापशीने शिकवलं.

आता सई रोज शाळेत जाण्याआधी खुराड्यातल्या लेंड्या बघते. गोल, कोरड्या, भरपूर असल्या की ‘आई, सगळं ठीक!’ म्हणून ओरडते. आणि सासूबाई? त्या गणपतीसाठी रोज दूर्वा खुडायला परसात जातात. दूर्वा म्हणजे हरळीच की! देवापुरती जुडी झाली की दोन मुठी जास्तीच्या घेतात आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, ‘‘गाईला कुणी नुसता कोबी घालतं का?’’