बाटलीतली साखर, चमच्यांत मोजलेली

आहाराविषयीची जनजागृती बहुधा उपदेशातच अडकून पडते. 'साखर कमी खा' हे सांगणे कितीही खरे असले तरी ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे करत नाही, आणि ज्या शीतपेयाविषयी ते सांगितले जाते त्याची जाहिरात मात्र सण, मैत्री आणि हसरी कुटुंबे दाखवून मन जिंकून घेते. अशा विषम लढतीत प्रतिजाहिरात, म्हणजे वस्तू विकण्यासाठी नव्हे तर तिच्याविषयी न सांगितलेले सत्य लोकांपुढे आणण्यासाठी केलेली जाहिरात, काय साधू शकते हे मेक्सिकोत दिसले.

2012 च्या राष्ट्रीय पाहणीत त्या देशातील दर 10 प्रौढांपैकी सुमारे 7 जणांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले होते, आणि दरडोई शीतपेय पिण्यात मेक्सिको जगात अग्रभागी होता. 'एल पोदेर देल कोन्सुमिदोर' ही ग्राहक संघटना व तिच्या सहयोगी संस्थांनी त्या सुमारास राजधानीत फलक लावले. त्यांवर शीतपेयाच्या 600 मिलिलिटरच्या बाटलीसोबत साखरेचे 12 चमचे दाखवून, एवढी साखर नुसती खाल का, आणि खाणार नसाल तर ती पिता कशी, असा थेट प्रश्न विचारलेला होता.

या कल्पनेचे बळ तिच्या मापात आहे. अशा बाटलीत साधारण 63 ग्रॅम साखर असते, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली दिवसाची सुमारे 50 ग्रॅमची मर्यादा एकाच बाटलीत ओलांडली जाते. परंतु पेयातील आम्लता आणि थंडपणा यांमुळे ती गोडी जिभेला पुरती जाणवत नाही, आणि वेष्टनावरील ग्रॅमचा आकडा घरात कोणी वापरत नाही. चमचा मात्र प्रत्येकाच्या हातातला असल्याने हिशेब तत्काळ पटतो, त्यासाठी भीती घालावी लागत नाही आणि स्थूल माणसाची अवहेलनाही करावी लागत नाही, हे या जाहिरातीचे मोठेपण होय. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2025 मध्ये संलग्न शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले आहे. त्या फलकांवरही ग्रॅमपेक्षा चमचेच दाखवणे अधिक हिताचे ठरेल.

मेक्सिकोतील फलकांनी केवळ सवयींना हात घातला नाही, तर शीतपेयांवरील कराच्या मागणीला लोकांचे पाठबळ मिळवण्यासही मदत केली. 1 जानेवारी 2014 पासून साखरयुक्त पेयांवर प्रतिलिटर 1 पेसो कर लागू झाला, आणि पुढील अभ्यासात त्या वर्षी अशा पेयांची खरेदी अपेक्षेपेक्षा सरासरी 6 टक्क्यांनी, तर डिसेंबरपर्यंत गरीब कुटुंबांत 17 टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. 2020 मध्ये साखर, मीठ, मेद वा उष्मांक अधिक असलेल्या पदार्थांच्या वेष्टनांवर काळे अष्टकोनी इशारे आले, आणि असे इशारे असलेल्या वेष्टनांवरून मुलांना भुलवणारी कार्टून पात्रेही पुढे हटवावी लागली.

तरीही जेथे नळाच्या पाण्यावर लोकांचा विश्वास नाही तेथे शीतपेय सोडून प्यायचे काय, हा प्रश्न कोणतीही जाहिरात सोडवू शकत नाही. मोहीम चालवणाऱ्यांना याची जाण होती, म्हणूनच कराच्या उत्पन्नातून शाळांमध्ये पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय करावी, ही मागणी त्यांनी कराच्या मागणीसोबतच लावून धरली.