पोकिप्सीला गेलेल्या अस्थी

समुद्राकाठच्या माणसाने ‘मेल्यावर मला समुद्रात सोडा’ असं म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही. वसई-विरार पट्ट्यातले मांगेला आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगले. त्याला देव मानलं, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला. पण देह मात्र जमिनीवरच ठेवायचा, मग तो जाळायचा असो वा पुरायचा. समुद्राला फार तर राख. समुद्रात पुरणं ही खोल पाण्यातल्या जहाजांची निकड होती. काठ जवळ असलेल्या माणसाला ती सुचतच नाही.

मेलेली माणसं कुठे आणि कशी ठेवतात, याचा मला जुना नाद आहे. परगावी गेलो की देवळाच्या आधी स्मशान बघतो. घरच्यांनी आता बोलणं सोडलं आहे. अशा माणसाला याच पट्ट्यातल्या आगाशीसारखा मुलूख नाही. गावात सोळाव्या शतकापासूनचं सेंट जेम्स चर्च आणि त्याची दफनभूमी. पश्चिमेला अर्नाळ्याचा किनारा, जिथे अस्थींचे कलश घेतलेली माणसं उकिडवी बसलेली दिसतात. दक्षिणेला निर्मळ, तिथे शंकराचार्यांची समाधी, कार्तिक वद्य एकादशीची जत्रा आणि जत्रेतून घरी न्यायची सुकेळी. आणखी खाली वसईचा किल्ला. तिथल्या पडक्या चर्चमध्ये आपण चालतो ती जमीनच पोर्तुगीज थडग्यांच्या कोरीव शिळांची आहे. नाव, कुळाचं चिन्ह, साल. वर चारशे पावसाळे आणि शाळांच्या सहली.

दहन, दफन, समाधी, विसर्जन एवढं सगळं एका दुपारच्या फेरीत. समुद्रातलं दफन तेवढं नाही. ते शोधायला निघालो आणि भलतीकडेच पोचलो.

पहिली पाटी हाजी अलीची. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे: पीर हाजी अली शाह बुखारी यांच्या सांगण्यावरून त्यांचा देह समुद्राला दिला, आणि तो वाहत येऊन वरळीच्या खडकाला लागला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची समुद्रार्पणाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट जमिनीवर संपते. दुसरी पाटी अलिबागजवळच्या नवगावची. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि वाहून आलेली प्रेतं त्यांनी नवगावला पुरली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. हायम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 साली लिहून पूर्ण केलेल्या समाजेतिहासात ही हकीकत आहे. या समाजाची कोकणातली गोष्टच मुळी समुद्राने घेतलेली माणसं मातीत आणण्यापासून सुरू होते.

खरं समुद्रदफन झालं ते कोकणी खलाशांचं. रत्नागिरीपासून खालच्या गावांतले मुसलमान बोटींवर भट्टीपुढे आणि डेकवर राबले. इस्लामचा नियम सरळ आहे. जमीन गाठण्याआधी देह खराब होणार असेल तर आंघोळ घालावी, कफन बांधावं, जनाज्याची नमाज पढावी आणि वजन लावून पाण्यात सोडावं. गोऱ्या खलाशांची रीत जास्त भयानक: कॅनव्हासमध्ये देह शिवायचा, पायाशी तोफेचे गोळे ठेवायचे आणि शेवटचा टाका नाकातून घालायचा, माणूस खरंच गेलाय याची खातरी म्हणून. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदराच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. मुंबईकरांपैकी कितीजणांनी ते पाहिलंय हे विचारण्यात अर्थ नाही.

देह हाती लागलाच नाही तर काय, यावर आपल्या शास्त्राने केलेला विचार थक्क करणारा आहे. पळसाच्या 360 देठांचा मनुष्याकार करायचा. अमुक देठ मानेला, अमुक छातीला, अमुक मांड्यांना, असा हिशेब ठरलेला. गरुडपुराणाप्रमाणे डोक्याच्या जागी नारळ, तोंडात पंचरत्नं, जिभेच्या जागी केळं. मग या पुतळ्याला रीतसर अग्नी द्यायचा आणि सुतक धरायचं. आतबट्ट्याचा कर्मकांडी पसारा म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. प्रेत नसलं की मरण संपत नाही, हे मराठी माणसाला पानिपताने शिकवलं. सदाशिवरावभाऊंच्या देहाबद्दल शंका राहिली, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, आणि पंधरा वर्षांनी भाऊंचा तोतया कोकणात गड घेत सुटला. शेवटी समुद्रमार्गे पळताना तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि 1776 च्या डिसेंबरात पुण्यात त्याला मारलं. देठांचा पुतळा त्या मानाने स्वस्त पडतो.

धर्मशास्त्राचा हा सगळा कारभार वाचायचा तर भारतरत्न पां. वा. काण्यांच्या ग्रंथाला पर्याय नाही. अंत्येष्टी आणि प्रायश्चित्तं त्यांनी एकाच खंडात घेतली आहेत, आणि माझी वाट तिथे फुटली. एका बाजूला संन्याशाला जाळू नये, पुरावं किंवा पाण्याला द्यावं. दुसऱ्या बाजूला समुद्र ओलांडणाऱ्या द्विजाला प्रायश्चित्तानंतरही जवळ करू नये, हे कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगापुरता निषेध. मेल्यावर पाण्यात गेलेला चालतो, पाण्यावरून जिवंत परत आलेला चालत नाही! मग समुद्र ओलांडून परत आलेला माणूस मेला तर? त्याच्या अस्थी कुठे?

याचं एक उत्तर न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत आहे. अमेरिकेत वैद्यकी शिकून परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात गेल्या, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. त्यांची रक्षा मात्र अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि त्यांनी ती आपल्या कुटुंबाच्या दफनजागेत ठेवली. हे बऱ्याच शिकल्यासवरल्या मंडळींनाही माहीत नसतं.

श्री. ज. जोश्यांची कादंबरी आणि 2019 चा चित्रपट यांच्यामुळे बाकी कथा पाठ आहे; ती मी सांगत नाही. मला कार्पेंटरबाईंत रस आहे. रोझेल, न्यू जर्सी इथली ही गृहिणी. 1880 साली दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना तिथे पडलेलं एक मिशनरी मासिक तिने चाळलं. त्यात हिंदुस्थानातल्या एका पोस्टातल्या कारकुनाचं पत्र होतं: बायकोला शिकवायचंय, मदत हवी. मासिकाच्या संपादकांनी उत्तरादाखल धर्मांतराचा उपदेश केला होता. या बाईने उपदेश बाजूला ठेवून कारकुनाच्या बायकोला पत्र लिहिलं. तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. एकमेकींना न पाहता एक मावशी झाली, दुसरी भाची. 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या, 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, आणि त्यांना न्यायला बंदरावर मावशी हजर होती. निघण्यापूर्वी बंगालातल्या श्रीरामपूरच्या सभेत या सतरा वर्षांच्या मुलीने जाहीर सांगितलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन. ते तिने पाळलं. लुगडं, शाकाहार, सगळं फिलाडेल्फियाच्या थंडीत सांभाळलं. प्रकृतीने त्याची किंमत दिली असं अनेकांचं मत आहे, माझंही आहे.

आता रक्षा पाठवण्याचा निर्णय. तो त्या कारकुनाचा, आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा. या गृहस्थाबद्दल मला कधी प्रेम वाटलं नाही. अभ्यास केला नाही म्हणून कोवळ्या बायकोवर हात उगारणारा, आणि ती शिकली की तिलाच टोमणे मारणारा. समाजाला डिवचणं हा त्याचा छंद. 14 ऑक्टोबर 1890 रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली ती याच्याच खटपटीने, आणि मग हजर असलेल्यांची यादी वर्तमानपत्रात आली तीही याच्याच उपद्व्यापाने. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, एका कप चहासाठी या थोरांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं आणि सुधारकांत फूट पडली. गोपाळराव ख्रिस्ती झाले आणि पुन्हा हिंदूही झाले. असा माणूस बायकोची रक्षा गंगेला वा समुद्राला न देता अमेरिकेत एका ख्रिस्ती बाईकडे धाडतो, तेव्हा यातही पुणेकरांना चिमटा असणार, असं मला बरीच वर्षं वाटायचं. असेलही.

पण थडग्यावरचा मजकूर पाहिला की हेतूची चौकशी फिकी पडते. दगडावर नाव आहे, एम. डी. ही पदवी आहे, 1865 आणि 1887 ही सालं आहेत आणि खाली इंग्रजीत एवढंच: शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री. ज्या कृत्यासाठी इथे जातीबाहेर टाकलं असतं, तेच तिथे बिरुद म्हणून कोरलं आहे. सोबतीला सगळे कार्पेंटरबाईंच्या कुटुंबातले. कॅरोलाइन डॉल यांनी 1888 मध्ये बोस्टनला आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र काढलं. मराठीत ते काम काशीबाई कानिटकरांनी केलं.  दगड तर आजही तिथेच आहे.

मग अस्थी परत आणाव्यात का? श्यामजी कृष्ण वर्मांनी आगाऊ पैसे भरून जिनिव्हात आपला कलश जपायची सोय केली होती. 1930 नंतर त्र्याहत्तर वर्षांनी, 2003 साली तो वाजतगाजत गुजरातेत आला. राजा राममोहन रॉय मात्र ब्रिस्टलमध्येच आहेत, आणि तिथे त्यांच्यावर छत्री उभी आहे. श्यामजींना स्वतंत्र देशात परतायचं होतं, त्यांचं ठीक. आनंदीबाईंना परत आणण्याची टूम निघालीच तर मी विरोधात मत देईन. जिने दंतवैद्याच्या दारात बसून तिला शोधलं, तिच्याजवळ ती आहे. रक्ताच्या नात्यांनी याहून काय केलं असतं?

अंतिम जागा माणूस स्वतः निवडतो, असं आपण बोलतो खरं. व्यवहारात ती निवड मागे उरलेल्यांच्या हातात असते. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळकांना चौपाटीच्या वाळूत, बसलेल्या स्थितीत, अग्नी दिला गेला तो लोकांच्या आग्रहाने. सावरकरांनी मृत्युपत्रात विद्युतदाहिनी सांगितली, पिंड आणि कावळे नको म्हणाले. 1966 मध्ये ते झालं, कारण मागे राहिलेल्यांनी ते मानलं. देहदानाचा फॉर्म भरून ठेवला तरी आयत्या वेळी फोन करायचा असतो घरच्यांनीच. चर्चचंही तेच. कॅथलिकांना 1963 पासून दहनाची मोकळीक आहे, पण 2016 च्या सूचनेप्रमाणे राख समुद्रावर उधळायची नाही आणि घरातही ठेवायची नाही. पवित्र जागी ठेवायची. वसई धर्मप्रांतात काही ठिकाणी आता पॉलिश केलेल्या पेटीऐवजी सुती कापडात दफन करतात. पेटी लवकर कुजत नाही आणि जागा तर पुन्हा वापरायची असते. हा बदल मला फार भावतो. पण त्यासाठीही कुटुंबाने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ‘पेटीसुद्धा केली नाही’ या शेऱ्याला तोंड द्यावं लागतं.

आगाशी-विरारमधल्या अनेक घरांतली मुलं आता आखातात नाहीतर कॅनडात आहेत. तिथून येणाऱ्यांसाठी प्रेत थांबवायचं किती, अग्नी कुणी द्यायचा, कलश कुणी न्यायचा, हे प्रश्न रोजचे झाले आहेत. जागेबद्दल वाद घालण्याआधी माणूस ठरवावा, असं या शोधातून माझं मत झालं आहे. आपल्यामागे निर्णय घेईल असा एकजण हेरून ठेवावा, आणि तो नात्यातलाच असला पाहिजे असा हट्ट धरू नये. आनंदीबाईंना अशी एक मावशी पत्रातून मिळाली. माझं तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलणं झालं आहे. त्यांनी विषय बदलला, पण नाही म्हटलेलं नाही.