दोन सुया, दोन कामे

- जाळ्याची सुई: चपटी, टोकदार, पूर्वी बांबूची, आता प्लास्टिकची. मधल्या जिभेला अडकवून धागा लांबीत गुंडाळतात. मालगुंडसह रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारीबंदीत फाटकी जाळी हिनेच सांधतात. आस (जाळ्याची भोके) एकसारखे यावेत म्हणून मापाची पट्टी वापरतात.
- पॅराकॉर्ड: नायलॉनची विणीव दोरी, जाडी सुमारे ४ मिमी. ‘५५०’ प्रकाराची ताकद ५५० पौंड (सुमारे २५० किलो). दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटसाठी वापर.
- पॅराकॉर्डची सुई: धातूची; मागचे टोक पोकळ, आत आटे.
- जोडणी: दोरीचे टोक किंचित वितळवून निमुळते करायचे, गार झाल्यावर सुईत फिरवून घट्ट बसवायचे.
- काढणी: उलटे फिरवून; ओढून नव्हे.
- फरक: पहिलीत धागा साठतो, दुसरी सुई दोरी फक्त ओवते.