नदी लाल, झाडं पांढरी: इन्फ्रारेड फोटो वाचायचा कसा?

समजा, खराडीजवळच्या मुळा-मुठेचा उपग्रहातून घेतलेला फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर आला. त्यात नदीचं पात्र लालभडक दिसतंय आणि खाली लिहिलंय, 'केमिकलनं नदी लाल झाली!' फॉरवर्ड करण्याआधी थांबा. तो इन्फ्रारेड फोटो असू शकतो आणि तो लाल रंग जलपर्णीचा असू शकतो.

इन्फ्रारेड म्हणजे काय?

आपल्या डोळ्यांना साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. लाल रंगाच्या पलीकडचा, न दिसणारा प्रकाश म्हणजे इन्फ्रारेड. विल्यम हर्शेल यांनी तो 1800 मध्ये शोधला.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र त्यातला जवळचा भाग दिसतो. फोटोतले रंग बिघडू नयेत म्हणून कंपन्या सेन्सरपुढे तो अडवणारा फिल्टर बसवतात. हौशी फोटोग्राफर हा फिल्टर काढून घेतात, किंवा लेन्सवर 720 नॅनोमीटरचा फिल्टर लावून ट्रायपॉडवर लांब एक्स्पोजर देतात. घरी करून बघायचं असेल, तर टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. अनेक फोनमध्ये रिमोटच्या टोकाला प्रकाश लुकलुकताना दिसतो.

हा उष्णतेचा फोटो असतो का?

नाही. थर्मल कॅमेरा वेगळा, त्याची तरंगलांबी कितीतरी जास्त असते. इथे कॅमेऱ्यात येतो तो वस्तूंवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच. निरोगी पानांच्या आतली पेशींची रचना इन्फ्रारेड मोठ्या प्रमाणात परत फेकते, म्हणून झाडं बर्फासारखी पांढरी दिसतात. पाणी तो शोषून घेतं, म्हणून नदी काळी दिसते.

मग रंग कुठून येतात?

इन्फ्रारेडला स्वतःचा रंग नसतो. तो प्रोसेसिंगमध्ये दिला जातो.

• ब्लॅक अँड व्हाइट: पांढरी झाडं, गडद आकाश.
• चॅनल स्वॅप: लाल आणि निळ्या चॅनलची अदलाबदल. आकाश निळं होतं, पानं पांढरट किंवा सोनेरी.
• फॉल्स कलर: इन्फ्रारेडला लाल रंग दिला जातो, त्यामुळे हिरवळ लाल दिसते. उपग्रहाच्या फोटोंत ही पद्धत नेहमीची आहे. 1988 मध्ये सोडलेल्या भारताच्या आयआरएस-1ए उपग्रहावरही इन्फ्रारेड टिपणारे कॅमेरे होते.
• एनडीव्हीआय: लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशातल्या फरकावरून काढलेला आकडा. हिरवळ जितकी दाट, तितका तो 1 च्या जवळ.

खराडीच्या नदीचं काय?

मोकळं पाणी फॉल्स कलरमध्ये काळं किंवा गडद निळं दिसतं. पात्रावर लाल पट्टा दिसला, तर तिथे पाण्यावर वनस्पती पसरली आहे. मुळा-मुठेत जलपर्णी ही जुनी डोकेदुखी आहे. मात्र नुसता लाल रंग पाहून जलपर्णी की काठावरचं गवत, हे ठरत नाही. त्यासाठी जागा आणि तारीख तपासावी लागते.

म्हणजे 'केमिकलनं नदी लाल' हा दावा चुकीचा असू शकतो, पण त्यामुळे नदी स्वच्छ ठरत नाही. जलपर्णी पोसली जाते ती सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसवर. रंग खोटा असला, तरी प्रदूषण खरं असतं.

पुढच्या वेळी असा फोटो आला, की आधी एकच विचारा: यातला लाल रंग कशाला दिलाय?