पोळा, पिठोरी आणि आजीचें बियाणें

श्रावण वद्य अमावास्येस बहुतेक शेतकऱ्यांच्या घरीं पोळ्याची गडबड असते. बैल धुवावे, शिंगें रंगवावीं, झुली घालाव्या, वेशींतून मिरवून आणावे, यांतच कर्त्या पुरुषांचा दिवस जातो. परंतु तीच अमावास्या पिठोरी होय, आणि महाराष्ट्रांत तिला मातृदिन म्हणतात, ही गोष्ट गोठ्यांतून घरांत येईपर्यंत कित्येकांच्या ध्यानांत राहत नाहीं. घरांत आई नैवेद्याचें ताट खांद्यावरून मागें धरते, "अतिथि कोण?" असें विचारते, आणि मुलें आपलें नांव सांगून तें घेतात. मातृदिन असूनहि त्या दिवशीं रांधावें आईनेंच! ज्या बैलानें वर्षभर नांगर ओढला त्याचा मान करणें योग्यच आहे. ज्या आईनें व आजीनें घराचें परस राखलें तिचा मान कोणत्या रीतीनें व्हावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेत पुरुषाचें आणि परस बाईचें ही आमच्याकडील वांटणी फार जुनी. शेतांत काय पेरावें हें पाऊस, बाजारभाव आणि सोसायटीचें कर्ज ठरवितें. परसांत काय लावावें हें घरांतील वडील बाई ठरवी. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि केळ, मांडवावर दोडका, पडवळ व कारलें, कुडावर वाल, उकिरड्याच्या कडेस भोपळा, विहिरीपाशीं शेवगा, दाराशीं तुळस आणि तिच्या शेजारीं अबोली किंवा शेवंती. या लावणींत हिशेब होता. सांडपाणी फुकट जाऊं नये, भोपळ्यास खत जागच्या जागीं मिळावें, वेलाची सावली गोठ्यावर पडावी, आणि मुसळधार पावसांत बाजारास जाणें न घडलें तरी चुलीवर भाजी असावी. शेताचा हिशेब वहींत उतरला. परसाचा हिशेब बाईच्या डोक्यांत राहिला आणि बहुधा तिच्याबरोबरच गेला.

आमच्या घरची गोष्ट सांगण्यास संकोच वाटतो, कारण दोष सर्वस्वीं आमचा आहे. आमच्या आजीचा एक दोडका होता. हातभर लांब, शिरा बोथट, आणि दोन दिवस उशिरां तोडला तरी आंतून कोंवळा. बियाणें ती उतरंडीच्या वरच्या गाडग्यांत राखेंत ठेवी. ती आजोबांच्या आधीं गेली, म्हणून दरवर्षीं भाद्रपदांत अविधवा नवमीस तिच्या नांवें पान वाढूं लागलों. तिचा फोटो मोठा करून आणला, त्यास हार घातला. पानावरची भाजी मात्र बाजारची असे, आणि तिचें गाडगें माळ्यावर गेलें. आठ वर्षांनीं तें उघडलें तेव्हां वालाच्या दाण्यादाण्यास भुंग्यानें भोक पाडलेलें. हातांत घेतांच पीठ झालें. दोडक्याच्या साठ बिया टोकल्या, त्यांतून चार उगवल्या. ते चार वेल आम्हीं जपले. परंतु शेजारच्या बांधावर बाजारच्या बियाण्याचा दोडका होता आणि त्याच्या पलीकडे घोसाळें. त्या वर्षीं फळ आजीचेंच आलें. पुढील वर्षीं त्याच्या बियांपासून कांहीं फळें आंखूड, कांहीं अर्धवट गुळगुळीत निघालीं. आजीचें म्हणावें असें एकहि नाहीं.

अखेर बियाणें सांपडलें तें आमच्या आत्याबाईंकडे. सासरीं जातांना त्यांनीं आईकडून एक पुरचुंडी नेली होती आणि दरवर्षीं लावून ती जात आजवर चालविली. आम्ही घरचे वारस. जमीन आमच्याकडे, फोटो आमच्याकडे, आणि बियाणें मात्र जिला आम्हीं परघरची म्हटलें तिच्याकडे. चौकशी करतां असें कळलें कीं आजीनेंहि तें स्वतःच्या माहेराहूनच आणलें होतें. वंशावळींत ज्यांचीं नांवें लिहिलीं जात नाहींत अशा बायांच्या हातांतून तें इतके दिवस चालत आलें. ज्यांच्या घरचें जुनें बियाणें नाहींसें झालें असेल त्यांनीं प्रथम आपल्या बहिणी, आत्या व मावश्या यांच्या घरीं विचारावें, ही आमची पहिली सूचना आहे.

आतां बियाणें मरतें कां, हें पाहूं. बीं वाळलेलें दिसलें तरी सजीव असतें. तें मंदपणें श्वास घेतें आणि आंतील सांठा खर्चीत राहतें. ऊब आणि ओलावा वाढला कीं हा खर्च वाढतो. ओलावा ठराविक मर्यादेंत असतां, तो एक टक्का कमी झाला तर बियाण्याचें आयुष्य अदमासें दुप्पट होतें, असा बीजशास्त्रज्ञांचा ठोकताळा आहे. जातिपरत्वेंहि फरक आहेच. कांद्याचें बीं साध्या ठेवणींत एकदोन वर्षांतच निकामी होतें. दोडका, भोपळा, काकडी यांचें त्याहून पुष्कळ टिकतें. तरी परसांतील प्रत्येक जात दोन-तीन वर्षांत एकदां तरी मातींत गेली पाहिजे. बियाणें सांभाळणें म्हणजे तें लावीत राहणें. गाडगें ही केवळ दोन हंगामांमधली वस्ती आहे.

वालाचा भुंगा बाहेरून गाडग्यांत शिरतो अशी समजूत आहे. वस्तुतः तो पुष्कळदां शेतांतच शेंगांवर अंडीं घालतो आणि दाण्याबरोबर घरीं येतो. आजी राख घाली ती रूढि म्हणून नव्हे. राखेनें दाण्यांमधील पोकळी भरून किड्याची हालचाल थांबते, त्याचें अंग खरचटतें व सुकतें. आज ज्यांस राख मिळत नाहीं त्यांनीं चांगल्या वाळलेल्या दाण्यांस किलोस चहाचा एक चमचा या मानानें गोडेतेल चोळावें. त्यानें अंडीं बहुतांशीं मरतात. दोडक्याची बीं वाळली कीं नाहीं हें पाहण्यास ती वांकवावी. लवली तर ओली, कट् असा आवाज होऊन मोडली तर वाळली. नंतर कोरड्या बरणींत, भाजून गार केलेल्या तांदळांची पुरचुंडी तळाशीं घालून, झांकण घट्ट लावावें. ओलें बीं बंद बरणींत ठेवणें हें उघड्यावर ठेवण्याहूनहि वाईट. पेरणीपूर्वीं वीस बिया ओल्या गोणपाटांत गुंडाळून किती मोड येतात तें मोजावें, म्हणजे आमच्यासारखी फजिती होणार नाहीं.

दुसरी गोष्ट संकराची. वाल आणि घेवडा यांचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून दोन जाती थोड्या अंतरावर लावल्या तरी फारसें बिघडत नाहीं. वेलभाज्यांचें तसें नाहीं. दोडक्याच्या एकाच वेलावर नर फुलें निराळीं व मादी फुलें निराळीं असतात, आणि पराग नेण्याचें काम मधमाशा व इतर कीटक करतात. प्रमाणित बियाण्यासाठीं अशा पिकांच्या दोन जातींत सुमारें ५०० मीटर अंतर सांगितलें आहे. परसांत तें कोठून येणार? म्हणून हातानें परागण करावें. दोडक्याचें फूल सायंकाळीं उमलतें. मादी फुलाखालीं इवलासा दोडका दिसतो, त्यावरून तें ओळखूं येतें. त्या दिवशीं उमलणाऱ्या फुगलेल्या मादी कळीस व दुसऱ्या वेलावरील दोन नर कळ्यांस दुपारींच सैल दोरा बांधावा. सायंकाळीं दोरे सोडून नर फुलाचा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेंकवावा, मादी फुलाच्या पाकळ्या पुनः बांधाव्या आणि देंठास रंगीत चिंधी लावावी. भोपळ्याचें फूल पहांटे उमलतें, तेव्हां तेथें कळ्या आदल्या सायंकाळीं बांधणें आलें. काम पांच मिनिटांचें आहे. आमच्या घरीं तें आतां शाळकरी मुली करतात, आणि आमच्याहून नीट करतात.

चिंधी लावलेलें फळ तोडूं नये. दोडका वेलावरच तपकिरी होऊन खुळखुळूं लागला म्हणजे काढावा. बियाण्यास एकच मोठें फळ राखण्याची खोड पुष्कळांस असते. आत्याबाई निदान पांचसहा वेलांवरचें एकेक राखतात, आणि तेंच बरोबर आहे, कारण एकाच वेलाचें बीं पिढ्यानुपिढ्या धरल्यास जातीचा कस उतरतो. पोळ्याच्या सुमारास पावसाळी वेल भरांत असतात. तेव्हां बैलांचें आटोपल्यावर आईस बरोबर घेऊन परसांत एक फेरी मारावी आणि कोणत्या वेलावर चिंधी बांधावी तें तिलाच ठरवूं द्यावें.

बाजारांतील संकरित बियाण्याचा आम्हांस द्वेष नाहीं. विक्रीच्या पिकास तें ज्यानें त्यानें घ्यावें. परंतु त्या पिकाचें बीं धरलें तर पुढील पिढीं गुण विस्कटतात, म्हणून तें वारसा होऊं शकत नाहीं. घरचें बियाणें राखणें, पुनः पेरणें, देणें-घेणें हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण-संरक्षण व शेतकरी-हक्क कायद्यानें मान्य केलेला आहे, हेंहि येथें नमूद करावेंसें वाटतें. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनीं गांवरान बियाण्यांचा सांठा उभा केला व त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्या शाळेंत गेलेल्या नाहींत. ज्या विद्येस आम्ही बायकी काम म्हणत आलों तिची योग्यता त्यांच्यामुळें अनेकांस प्रथमच कळली.

कांहीं झाडें बियांवांचून चालतात, आणि तेथें काम सोपें आहे. शेवग्याची मनगटाएवढी फांदी पावसाळ्याच्या आरंभीं रोवली, कढीपत्त्याच्या मुळांवरील फुटवा काढून लावला, तोंडलीचा वा मोगऱ्याचा छाट घेतला, कीं आजीचें तेंच झाड नव्या जागीं उभें राहतें. आजीनें कोय टाकून वाढविलेला रायवळ आंबा असेल तर मात्र त्याची कोय लावून भागत नाहीं. कोयीचें झाड हें त्या झाडाचें मूल. तें स्वतः तेंच झाड नव्हे, आणि त्याची गोडी उतरेलच असा भरंवसा नाहीं. त्यासाठीं कोय कलम करावें. जुलै-ऑगस्टांत, उगवून दोन आठवड्यांच्या आंतील तांबूस पानांचें रोप घ्यावें. जुन्या झाडाची तेवढ्याच जाडीची शेंड्याची काडी निवडून तिचीं पानें आठ-दहा दिवस आधीं देंठ ठेवून छाटावीं. रोप बोटभर उंचीवर कापून मध्यें चीर द्यावी, काडीस पाचर करून तींत बसवावी व प्लॅस्टिकच्या पट्टीनें घट्ट बांधावी. कोंकणांत या रीतीचा प्रसार दापोलीच्या कृषि विद्यापीठानें केला आहे. खोड पोकळ होऊं लागलेल्या झाडांच्या बाबतींत विलंब करूं नये. एका वादळांत सर्व संपतें.

राहतां राहिला नांवाचा प्रश्न. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत, मुलाच्या नांवापुढें आईचें नांव आणि मग वडिलांचें, असा क्रम महाराष्ट्र शासनानें ठरविला आहे. बियाण्याच्या पुडीवर तर तें केव्हांच यावयास हवें होतें. आमच्या बरणीवर आतां तीन नांवें आहेत: आजीचें, आत्याबाईंचें, आणि यंदा ज्या मुलीनें कळ्या बांधल्या तिचें. आजीच्या आईचें नांव घरांत कोणासहि आठवलें नाहीं, म्हणून वर एक ओळ कोरी ठेविली आहे.

ज्या सभासदांपाशीं असें घरचें बियाणें जादा असेल त्यांनीं दिवाळीनंतर एक पुडी संघाकडे पाठवावी. मागणी करणाऱ्या सभासदांस ती विनामूल्य वांटण्यांत येईल. पुडीवर जात, गांव, बीं धरल्याचें वर्ष आणि तें राखणाऱ्या बाईचें नांव लिहिलेलें असावें.